एक नग जादा

टॅलीकाकांनी मला घर भाड्याने दिलं त्या दिवशी त्यांनी आधी भिंतीतले खिळे मोजले. अकरा निघाले. मग मला मोजायला लावले. माझेही अकराच निघाले, तेव्हा कुठे त्यांनी कागदावर "खिळे, अकरा नग, सुस्थितीत" असं लिहून माझी सही घेतली. मी ब्रोकरकडे पाहिलं, तर तो मोबाइलमध्ये डोकं घालून हसू दाबत होता. पंखे, नळ, दाराच्या कड्या, बाथरूममधला आरसा, सगळं मोजून झालं. बाल्कनीत एक वाळलेली तुळस होती, तीही कागदावर चढली: "तुळस, एक नग, डॅमेज." मी मनात म्हटलं, बाई गं, कुठल्या तुरुंगात येऊन पडलीस! पण बेलापूरच्या ऑफिसला जायला सोयीचं आणि एकट्या मुलीला "रात्री किती वाजता येणार" असं न विचारणारं घर नव्या पनवेलच्या आसपास सहा आठवडे शोधून मिळालं नव्हतं. मी सही केली.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते लेटरबॉक्सवर सोडून कुठेच वापरात नव्हतं. विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना टॅलीकाकाच म्हणायचे. उभा जन्म त्यांनी न्हावा शेवाजवळच्या एका गोदामात टॅली क्लार्क म्हणून काढला होता. कंटेनरचं सील तुटलं की दाराशी पॅड घेऊन उभं राहायचं आणि कागदावर काय लिहिलंय, आतून काय निघतंय, ते ताडून बघायचं. कमी निघालं तर शॉर्ट, जास्त निघालं तर जादा, फुटकं-भिजकं निघालं तर डॅमेज. सगळं जुळलं तरच सही. "आयुष्यात खोट्या टॅलीवर सही केली नाही," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे, कुणी काही विचारलेलं नसलं तरी. एकदा म्हणे साहेबाने दम दिला, तर ह्यांनी पॅड साहेबाच्याच हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्ही मोजा." साहेबाने उन्हात उभं राहून मोजलं. दोन खोकी शॉर्टच निघाली.

माणूस निवृत्त झाला, पण सवय कुठली निवृत्त होतेय? सोसायटीच्या सत्यनारायणाला गुरुजींना त्या दिवशी अजून तीन घरं गाठायची होती. त्यांनी चौथा अध्याय अर्धा गिळला आणि थेट आरतीला हात घातला. काका उठून उभे राहिले. "गुरुजी, थांबा. नाव बुडालीय, ती वर यायचीय अजून."

गुरुजी म्हणाले, "आली असं समजा हो."

"समजा कसं? पोथीत आहे ना? मग बाहेर निघाली पाहिजे."

आम्ही ऐंशी माणसं शिऱ्याच्या वासाने कासावीस झालेली, आणि हा गृहस्थ नाव वर आल्याशिवाय कापूर लावू देईना. शेवटी गुरुजींनी दात-ओठ खात पोथी मागे उलटली आणि नाव वर काढली. शिरा तोवर गार झाला होता. पुढच्या वर्षी गुरुजींनी आधी फोन करून विचारलं, "ते गृहस्थ आहेत का अजून?"

सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तावरही त्यांनी सात महिने सही केली नव्हती. त्यात चौदा सभासद हजर असं लिहिलं होतं, आणि काकांच्या मते तेराच होते. चौदावा सभासद सभा संपेपर्यंत लिफ्टमध्ये अडकला होता.

मला ते नावाने हाक मारत नसत. "भाडेकरू, जरा इकडे या," असं म्हणायचे, आणि अहो-जाहो करायचे. काकू मात्र पहिल्या दिवसापासून अगं-तुगंवर. काकूंचा एक डबा रोज संध्याकाळी माझ्या दाराच्या कडीला अडकवलेला असायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो परत करताना त्यात झाकण आहे का, हे काका बघायचे.

आता एवढ्या रुक्ष माणसाने वाचावं काय? तर फक्त विज्ञानकथा. इंग्रजी, जुन्या, पानं पिवळी पडलेल्या, पनवेलच्या रद्दीवाल्याकडून निवडून आणलेल्या. कपाटभर होत्या. दिवसभर दुसऱ्यांचा माल मोजून घरी आलं की ते कुठल्या तरी ग्रहावर निघून जायचे. "तिथे कस्टम नाही," असं कारण सांगायचे. त्यातल्या एकेका कादंबरीवर जेव्हा मालिका यायला लागल्या, तेव्हा काकांचं निवृत्तीनंतरचं खरं आयुष्य सुरू झालं.

मालिका बघायची ती सोसायटीच्या हॉलमध्ये, क्रिकेटसाठी वर्गणी काढून घेतलेल्या मोठ्या टीव्हीवर, रविवारी संध्याकाळी, हिंदी डबिंगमध्ये. काका पहिल्या खुर्चीवर बसायचे. एका मांडीवर कादंबरी, दुसऱ्या मांडीवर पॅड. भाग संपला की टॅली हॉलच्या नोटीस बोर्डावर लागायची. मी राहायला आले त्या वर्षी एका मालिकेची टॅली होती: "ग्रह, एक शॉर्ट. प्रेमप्रकरणं, दोन जादा. नायक, डॅमेज." खाली शेरा: "सील आधीच तुटलेलं होतं. माल स्वीकारू नये." सहीच्या जागी रेघ.

यावरून सोसायटीत उभी फूट पडली. एका बाजूला वाचलेले, दुसऱ्या बाजूला न वाचलेले. वाचलेल्यांचे पुढारी काका आणि त्यांचे उजवे हात म्हणजे चौथ्या मजल्यावरचे सर. हे खांदा कॉलनीतल्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि काकांमुळेच या कादंबऱ्यांच्या नादाला लागले होते. न वाचलेल्यांच्या पुढारी दमयंतीबाई. आमची बिल्डिंग ज्या शेतावर उभी आहे ते शेत त्यांच्या सासऱ्यांचं, त्यामुळे तळमजल्यावर त्यांचे दोन फ्लॅट आणि सोसायटीत त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ओ काका," त्या म्हणायच्या, "पुस्तक नाय वाचलं म्हनून आमी रडायचं पन नाय काय? डोल्यातलं पानी काय पुस्तकाला इचारून येतं?"

"रडा की. पण खोट्या मालावर रडताय, एवढं ध्यानात ठेवा."

"माल तुमचा, रडनं आमचं!"

व्हॉट्सॲप ग्रुपवर तर पाण्याचा टँकर किती वाजता येणार हे विचारायची चोरी झाली. मधल्या मध्ये एखादी बाई विचारायची, आणि खाली सतरा मेसेज, की मूळ कादंबरीत रोबोटला भावना होत्या की नव्हत्या. मी कुठल्याच पक्षात नव्हते. मी दमयंतीबाई मध्यंतरात तळायच्या त्या कोळंबीच्या भज्यांच्या पक्षात होते.

अशात एक दिवस बातमी आली की *त्या* कादंबरीवर मालिका येतेय.

ती म्हणजे काकांच्या कपाटातली सर्वांत वरची, पुठ्ठा निघालेली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. बियाणं घेऊन एक जहाज दूरच्या ग्रहाकडे निघतं. चाळीस वर्षांचा प्रवास. वाटेत त्या जहाजावरच एक मुलगी जन्मते, लीना. जमीन कशी असते हे जिने कधी पाहिलेलंच नाही अशी मुलगी. काकूंनी ही कादंबरी वाचली नव्हती. "मला वाचायला बसलं की झोप येते, ऐकायला बसलं की नाही," त्या म्हणायच्या. काकांनी ती त्यांना सांगितली होती, त्यांना दिवस गेलेले असताना, रोज थोडी थोडी. मुलगी झाली, तिचं नाव लीना ठेवलं. ती लीना आता बंगळुरूला नोकरी करते. काकू ही हकिकत कुठल्याही नव्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगायच्या. मला तर जिन्यातच सांगितली होती. "आणि शेवटी आमची लीना त्या नव्या जमिनीवर उतरते बघ, अनवाणी," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की "आमची" म्हणजे कुठली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पहिल्या रविवारी हॉल गच्च भरला. भाग संपला, काकांनी पॅडवर रेघा मारल्या आणि टॅली बोर्डावर लावली. शॉर्ट निरंक, जादा निरंक, डॅमेज निरंक. लोकांनी मोबाइलवर तिचे फोटो काढले. सरांनी तर दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. "जे जन्मात झालं नाही ते झालं. शब्दाला शब्द जुळतोय!"

दुसऱ्या भागाची टॅलीही निरंक. तिसऱ्याचीही. आणि इथून पुढे काकांचं काहीतरी बिनसायला लागलं. माणसाला आनंद व्हायला हवा होता, तर काका भाग संपला की घाम पुसतायत. चौथ्या भागानंतर ते सरांना म्हणाले, "काय हो, या मालिकावाल्यांनी थोडं स्वतःचं डोकं वापरायला काय हरकत आहे?"

सरांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. "काका, हे तुम्ही म्हणताय?"

"नाही, म्हणजे अगदी गुलामासारखं कशाला करायचं? लेखक काय देव होता? थोडी मोकळीक घ्यावी माणसाने."

"आता कसं!" दमयंतीबाई ओरडल्या. "काका आमच्यात आले!"

काका कुणातच आले नव्हते. ते उठून घरी गेले, आणि जाताना काकूंनी मागून विचारलेलं सगळ्यांनी ऐकलं, "अहो, पण कुत्रा कसा नाही आला अजून?"

हा कुत्र्याचा विषय दर रविवारी निघायचा. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे लीनाचा एक कुत्रा होता, लंगडा, जहाजभर तिच्या मागे फिरणारा. काका म्हणायचे, येईल पुढच्या भागात. पाचव्या भागात काकूंनी हट्टच धरला, "कुत्रा शॉर्ट आहे म्हणून लिहा ना! एरवी तर सुईसुद्धा सोडत नाही." सरांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "काकू, कुठला कुत्रा?" तर काकांनी सरांच्या पुढ्यात भज्यांचं ताटच धरलं. "सर, घ्या, घ्या. गार होतायत."

मला नाक खुपसायची वाईट सवय आहे. मी ती कादंबरी मोबाइलवर विकत घेतली आणि दोन दिवस ऑफिसात टेबलाखाली धरून वाचून काढली. कुत्रा नव्हता. मांजरही नव्हतं. काकू सांगायच्या ते जहाजावरचं लग्नही नव्हतं. आणि शेवट वाचून तर मी साहेबाच्या केबिनसमोरच "अगं आई गं!" असं मोठ्याने म्हणाले. जहाज ग्रहापाशी पोचतं. खाली उतरायला एकच होडी उरलेली असते, आणि तिच्यात एक माणूस जास्त होतो. लीना मागे राहते. होडी उतरते, बियाणं पेरलं जातं, आणि वर जहाजात तिचा श्वास संपतो.

संध्याकाळी काका गच्चीवर टाक्यांची पातळी बघत होते. मी सरळ जाऊन म्हटलं, "काका, लीना उतरत नाही."

त्यांच्या हातातली काठी टाकीत पडली. "हळू बोला, भाडेकरू."

"अहो, पण काकू..."

"ठाऊक आहे मला काकू काय म्हणतात ते." ते टाकीच्या कट्ट्यावर बसले. एवढे खांदे पाडून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "त्याआधी हिला दोनदा दिवस गेले होते, पण टिकलं नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, सात महिने पडून राहायचं, पाय खाली ठेवायचा नाही. जुन्या पनवेलात एक खोली होती आमची. मी पहिल्या पाळीहून चारला यायचो. ही छताकडे बघत पडलेली. आज कसं वाटतंय, हे विचारायची छाती नसायची माझी. मग पुस्तक काढायचो आणि मराठीत सांगत जायचो. पुढचं वाचून ठेवायला वेळ कुठला? तिच्याबरोबरच मीही वाचत होतो. आणि एक दिवस ते पान आलं."

"मग?"

"मग काय? ती माझ्याकडे बघत होती. पोटावर हात. होडीत एक नग जादा झाला, म्हणून मुलीला मागे ठेवली, असं सांगू तिला?" काकांनी नाक ओढलं. "मी होडी मोठी केली."

मीही कट्ट्यावर बसले. "आणि कुत्रा?"

"पुस्तक संपलं तेव्हा अजून अकरा आठवडे जायचे होते," काका म्हणाले. "मग जहाजावरच्या 'सांगायच्या राहिलेल्या' गोष्टी काढल्या."

मी म्हटलं, आता सांगून टाका की, मुलगी बत्तीस वर्षांची झाली, आता काय बिघडणार आहे? तर ते माझ्यावर भडकलेच. "तेहतीस वर्षं मी तिला सांगतोय की मी खोट्या टॅलीवर सही करत नाही. गोदामात भांडलो, सोसायटीत भांडलो, सत्यनारायणात भांडलो, आणि प्रत्येक वेळी ही बाई माझ्या बाजूने उभी राहिली, का, तर हे खोटं बोलत नाहीत. आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि तिच्या मुलीचं नाव कुणावरून ठेवलंय, तेही त्याच दिवशी कळणार तिला."

तेव्हा मला कळलं की हा माणूस दर रविवारी पॅड घेऊन बसून मनातल्या मनात काय विनवत होता. मालिकावाल्यांनो, एकदा तरी चुका, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि मालिकावाले मेले एक अक्षर इकडचं तिकडे करायला तयार नव्हते.

शेवटच्या भागाचा रविवार जवळ आला तसे काकांचे उद्योग सुरू झाले. बुधवारी त्यांना पालीच्या गणपतीला जायची अचानक ओढ लागली, आणि ती रविवारी संध्याकाळीच. काकू म्हणाल्या, "चतुर्थी नाही, काही नाही, आणि तुम्ही कधीपासून देवाला जायला लागलात?" शुक्रवारी हॉलच्या दारावर नोटीस लागली: रविवारी पेस्ट कंट्रोल, हॉल बंद राहील. अक्षर काकांचं. दमयंतीबाईंनी ती टराटरा फाडली. "झुरलं सोमवारी मारा! एवढी वर्सं जगलीत, एक दिस आनखी जगतील." शनिवारी काका माझ्या दारात आले आणि खाली बघत म्हणाले, "भाडेकरू, वायफायचं तुम्हाला काही कळतं का?"

मला कळत होतं. रविवारी सहाला पाच कमी असताना मी हॉलच्या वायफायची वायर उपटून पर्समध्ये टाकली. मला वाटलं, झालं काम. सरांनी खिशातून मोबाइल काढला, त्याचं इंटरनेट टीव्हीला जोडलं, आणि म्हणाले, "माझ्याकडे रोजचे तीन जीबी आहेत, काळजी नको." एवढा राग मला कधी कुणाचा आला नव्हता.

भाग सुरू झाला. काकू काकांच्या शेजारी बसल्या होत्या, चांगली साडी नेसून. लीनाला उतरताना बघायचं होतं ना! जहाज पोचलं. होडी निघाली. होडीत माणसं मोजली गेली. काका पडद्याकडे बघतच नव्हते, ते काकूंच्या हाताकडे बघत होते. लीनाने होडीचं दार बाहेरून लावलं.

हॉलमध्ये हुंदके सुरू झाले. न वाचलेले सगळे मुसमुसत होते, दमयंतीबाई तर पदर तोंडात धरून. लाइट लागले तेव्हा काकू तेवढ्या कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या.

सर उत्साहाने पुढे आले. "काकू, उलट! हाच तर मूळ शेवट आहे. आठही भाग निरंक! इतिहास घडला. काका, करा सही!"

"काहीतरीच काय, सर? पुस्तकात ती उतरते. ह्यांना विचारा."

सत्तर-ऐंशी माणसं काकांकडे वळली. काका उभे राहिले. पॅड छातीशी धरलेलं.

"उतरते," काका म्हणाले.

सर हसले. मग काका हसत नाहीत हे बघून थांबले. "अहो काका, तुमच्याच सांगण्यावरून मी घेतलं हे पुस्तक. हे बघा, शेवटून तिसरं पान..."

"तुमची आवृत्ती वेगळी असेल."

"आवृत्ती?"

"असतात आवृत्त्या. प्रवासात डॅमेज होतात."

इतकं वाईट खोटं मी आजवर ऐकलेलं नाही. माणसाला सवयच नव्हती हो! सर बिचारे गोंधळून मोठ्याने ते पान वाचायलाच लागले. तीन ओळी झाल्या असतील, तोवर काकूंनी हात पुढे केला आणि पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं. चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द लावत त्या वाचत राहिल्या. पान उलटलं, पुढचं वाचलं. काका तसेच उभे होते. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून भज्यांच्या रिकाम्या ताटाकडे बघत होते.

काकूंनी पुस्तक मिटलं आणि सरांना परत दिलं. "हो, सर. तुमच्या पुस्तकात मागे राहते."

"तेच म्हणत होतो मी..."

"पण ह्या तुमच्या लेखकाची बायको सात महिने पडून होती का हो?"

सर म्हणाले, "तसं काही... प्रस्तावनेत नाहीये."

"नव्हती ना? मग त्याला काय कळणार, कुणाला ठेवायचं आणि कुणाला आत घ्यायचं ते!" काकूंचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "मी छताकडे बघत पडलेले असायचे. उद्या दुपारी चारला हे येणार आणि पुढचं सांगणार, एवढ्यावर मी एकेक दिवस काढला. ती उतरली तेव्हा मला वाटलं, आता आपलंही होईल सगळं नीट. त्या दिवशी ह्यांनी हे पान वाचून दाखवलं असतं, तर माझं काय झालं असतं, सांगा बरं! एक जादा झाला म्हणे. मुलगी कधी जादा होते का? ते काही नाही. पुस्तक चुकलंय, मालिका चुकलीय. बरोबर आहेत ते हे एकटे."

"बरोबर हाय!" दमयंतीबाई पदर तोंडातून काढून गरजल्या. "लिवा, काका! पुस्तक डॅमेज!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. वाचलेले आणि न वाचलेले, दोन्ही पक्ष बुचकळ्यात पडून एकत्रच टाळ्या वाजवत होते. सर पुस्तकाकडे असे बघत होते, जणू विचारत होते, पेढ्यांचं बिल आता कोण भरून देणार! काका मात्र टाळ्या ऐकत नव्हते. त्यांनी पॅड खुर्चीवर ठेवलं, काकूंची पर्स उचलली आणि दोघं जिन्याकडे निघाली. मीही मागून निघाले, कारण माझं दार त्यांच्या दारासमोर होतं, आणि नाक खुपसायचं मी आधीच सांगितलंय.

पहिला मजला काकू कठडा धरून चढल्या. दुसऱ्याच्या वळणावर थांबल्या.

"कुत्रा?"

"माझा," काका म्हणाले.

"ते लग्न?"

"माझं."

"जहाजावर पाऊस पडतो ते? सगळे ताटं घेऊन बाहेर येतात?"

"माझंच."

"मग पुस्तकात होतं तरी काय?"

काकांनी बराच विचार केला. "जहाज होतं," ते म्हणाले. मग एक पायरी खाली उतरून काकूंसमोर उभे राहिले. "मी खोटं सांगितलं तुला. तेहतीस वर्षं."

"हो, सांगितलंत," काकू म्हणाल्या. "आणि मला वाटायचं, तुम्हाला फक्त मोजताच येतं." त्यांनी डोळे पुसले, आणि पुसता पुसता हसायला लागल्या. "मेला, लंगडा कुत्रा! लंगडा कशाला केलात हो त्याला?"

"धडधाकट असता तर सारखा पळाला असता. मला सांगायला सुचलं नसतं."

तेवढ्यात काकूंच्या पर्समधला फोन वाजला. बंगळुरूहून लीना. जिन्यात आवाज घुमतो, आणि ही पोरगी जन्मजात ओरडून बोलणारी, त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला. "आई! बघितलंस का गं? त्यांनी मारलं मला! मी कधीची रडतेय इथे. बाबा तर सांगायचे..."

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खिसे चाचपत ते उगाचच घराची किल्ली शोधायला लागले. किल्ली त्यांच्या हातातच होती.

"गप, रडू नकोस," काकू फोनमध्ये म्हणाल्या. "तुला काही झालेलं नाही. तुझ्या बाबांनी तुला तेव्हाच उतरवून घेतलंय."